घारींचा वाटा

माझ्या थोरल्याला हाक मारली की तो आधी सत्तूर पुसतो, मग वळतो. हाक आईची असो, गिऱ्हाइकाची असो, नाहीतर घर पेटल्याची असो. फडकं उचलेल, पात्याच्या या बाजूनं एकदा, त्या बाजूनं एकदा, आणि तोवर तोंडात उत्तर जुळवेल. खरं बोलायचं असलं तर माणसाला फडकं कशाला लागतं? मी हे बोलले की त्याचा बाप म्हणायचा, "हेमलता, पोराच्या हातात हत्यार आहे, स्वल्प दमानं घे." आता बाप गल्ल्यावरच्या फोटोत बसलाय आणि गुरुप्रसाद तसाच आहे.

आमचं संताजीराव मिलिटरी हॉटेल, म्हणजे मटणाची खानावळ, येलहंक्याच्या पलीकडे, विमानदलाच्या भिंतीसमोर. मध्ये रस्ता आणि एक आटलेलं तळं. भिंतीच्या आत जे आहे, त्यातलं थोडं आमचं होतं. दुसऱ्या महायुद्धात गोरे आले, साखळ्या टाकून मापं घेतली आणि आमच्या आजेसासऱ्यांचं, संताजीरावांचं, रागीचं शेत धावपट्टीखाली गेलं. आजेसासूनं त्याच शेतावर डोक्यावरून खडी वाहिली. पाटी ठेवून ती बांधाकडे बघत उभी राहिली की मुकादम पाठीत काठी घालायचा. तो वळ ती म्हातारपणी पाठ उघडी करून आम्हाला दाखवायची, जसं कुणी दागिना दाखवतं.

पट्टी झाली, विमानं आली, आणि संताजीरावांनी तारेबाहेर तीन दगड मांडून चूल पेटवली. आधी गोऱ्यांना उकडलेली अंडी, मग आपल्या शिपायांना मटण. लढाई संपल्यावर तळ ओस पडला, पट्टीवर गुरं चरली. चीनच्या लढाईनंतर परत जाग आली. आता तिथं हत्ती मावतील एवढ्या पोटाची विमानं चालवायला पोरं शिकतात. दिवसभर उतरायचं, चाक टेकवायचं, परत उठायचं. आमच्या भिंतीवरच्या भेगा त्यांनीच पाडल्यात, आणि आमच्या पातेल्यात हात घालून जेवून पण तेच गेलेत.

वर्षाआड माघाच्या सुमाराला तिथं विमानांचा मेळा भरतो. देशोदेशीची माणसं विमानं विकायला येतात, आभाळात कोलांट्या मारतात. त्या दिवसांत या सगळ्या भागात मांस बंद. कापायचं नाही, शिजवायचं नाही, विकायचं नाही. मांस तिथं घार, आणि घार विमानात शिरली की घार जाते, विमान जातं, आतलं पोरगं जातं. यात मला कधी काही वावगं दिसलं नाही. मिलिटरीचं नाव दारावर लावून खाल्लंय आम्ही, वर्षाआड थोडे दिवस पालेभाजी शिजवली तर जात बुडत नाही.

पण आमच्या घरात एक रीत होती.

शेत गेलं तेव्हा बांधावरचा म्हसोबा आत राहिला. आजेसासू कोंबडं कापून ताट घेऊन तारेपाशी गेली, तर पहारेकऱ्यानं बंदूक दाखवली. ती माघारी वळली, तेवढ्यात वरून घार आली, ताटातला तुकडा उचलला आणि तारेवरून आत गेली. म्हातारी तिथंच मातीत बसून रडली आणि हसली. देवानं माणूस पाठवला म्हणाली. तेव्हापासून आमच्याकडे बकरं कापलं की फुप्फुसाचा पहिला तुकडा हळदीत लोळवून तळ्याच्या बांधावरून घारींना टाकायचा. घारींचा वाटा. ज्याच्या हातात सत्तूर, त्यानं टाकायचा. संताजीरावांनी टाकला, सासऱ्यांनी टाकला, माझ्या नवऱ्यानं टाकला. नंतर गुरू. मुठीतून तुकडा सुटला रे सुटला की घार तो हवेत झेलायची, आणि गुरूची मान ताठ व्हायची. त्याला दुसऱ्या कशाचा अभिमान नव्हता.

धाकटा व्यंकोजी सत्तुराला हात लावत नव्हता. रक्ताची भीती नव्हती त्याला, पण भावाच्या हाताखाली उभं राहणं त्याला जमेना. तो ठेकेदारामार्फत भिंतीच्या आत कामाला लागला. काम काय, तर पक्षी हाकलायचे. पट्टीच्या कडेच्या गवतात उभं राहायचं, घारी खाली आल्या की सुतळी बॉम्ब उडवायचे, ढोल बडवायचा, धावायचं. गळ्यात पास. आमच्या घराण्यातला तीन पिढ्यांनंतर फाटकातून आत गेलेला पहिला माणूस. पहिल्या दिवशी त्यानं बूट काढून मातीत पाय ठेवला. साहेबानं विचारलं, "क्या खो गया?" हा म्हणाला, "खेत." साहेब हसला. मी हे रस्त्यावरच्या प्रत्येक दुकानात सांगितलं.

पुढं त्यानं दगड पण शोधला. पट्टीच्या टोकाला, नाल्याच्या कडेला, गवतात, एका बाजूनं काळा झालेला.

"तोच कशावरून?" गुरूनं विचारलं. मागच्या अंगणात तो बकऱ्याचं डोकं जाळावर भाजत होता. केस जळत होते, कातडी ताणून फुटत होती, आणि तो ती सुरीनं खरवडत होता.

"त्याच्यावर शेंदराचा थर आहे, अण्णा. नखानं काढून बघितला."

"रेल्वेच्या दगडाला पण लाल रंग असतो."

"गुरू," मी म्हटलं, "आजेसासू सांगायची, नाल्यापाशी, म्हणून. नाला तोच आहे."

त्यानं सुरी पुसली. "सरी अक्का. असेल." आमच्याकडे सगळ्या बायकांना पोरं अक्काच म्हणतात, आईला पण.

व्यंका तेव्हा उकिडवा बसला आणि दोन्ही हात गुडघ्यांत धरून म्हणाला, "मेळा आलाय. उद्यापासून मांस बंद. अक्का, वाटा पण बंद कर. मेळ्यापुरता नाही, कायमचा. तुम्ही इकडून टाकता, घार तो घेऊन पट्टीवर येते. तिथं बसून खाते. मी तिलाच हाकलतोय. एका हातानं बोलावतोय, दुसऱ्या हातानं हाकलतोय आपण. कुणी बघितलं तर माझा पास जाईल. पास गेला तर परत कुणी आपल्याला आत घेणार नाही."

"आणि देव?" गुरूनं विचारलं.

"देवाला मी हातानं घालीन की. रोज तिथून जातो मी."

मी विचार करायला वेळ घेतला नाही. घारीची गरज कधी पडली? आपल्याला जाता येत नव्हतं म्हणून. आता आपला पोरगा जातोय. मी म्हटलं, "उद्यापासून वाटा नाही. व्यंका हळद आणि नारळाचा तुकडा खिशातून नेईल आणि ठेवील. झालं."

जाळावरचं डोकं एकदम तडकलं. गुरूनं ते चिमट्यानं उलटं केलं आणि त्याच्या डोळ्यांत सुरी खुपसून डोळे काढून टाकले. तेवढंच केलं. सुप्रीता, त्याची बायको, मंड्याकडची, रगड्यापाशी मसाला वाटत होती. तिनं हात थांबवून माझ्याकडे बघितलं. मला तेव्हा वाटलं, तिला वास लागला असेल.

बंदी लागली. देवाप्पा, आमचा बकरी आणणारा धनगर, कळप घेऊन उत्तरेला गेला. निदान मला तसं सांगितलं गेलं. चुलीवर मटणाच्या पातेल्यांत सांबार चढलं. मुद्दे, म्हणजे रागीचे गोळे, वळायला मीच बसले, रागीच्या उकडीत लाकडी दांडा दोन्ही हातांनी फिरवायचा, पायांनी पातेलं दाबून धरायचं. खांद्यातून कळा निघाल्या की समजायचं मुद्दा झाला. गिऱ्हाईक यायचं, पाटीवर बघायचं, "अक्का, मिलिटरीला ताप आला काय?" म्हणायचं आणि ताक पिऊन जायचं. पालिकेची माणसं आली. पातेल्यांची झाकणं उघडून वास घेतला. फ्रीज उघडला, त्यात सुप्रीताचं दही. त्यातल्या एकानं माझ्या हाताचा वास घेतला. माझ्या हाताचा. पन्नास वर्षांचं मटण आहे त्या कातडीत, ते कुठल्या बंदीनं निघणार? मी हात मागं घेतला नाही. "नीट हुंगा," म्हटलं, "नंतर नाक धुवायला साबण देते."

दिवसभर आभाळ फाटत होतं. सरावाला नवी विमानं यायची, ती सरळ उभी वर जायची आणि आवाज मागून पडायचा, छातीवर दगड पडल्यासारखा. शेजारच्या गाभण गाईनं वासरू टाकलं. आमच्या कोंबड्या टोपलीखाली एकमेकींना टोचून रक्तबंबाळ झाल्या, एक तर बाकीच्यांनी खाल्लीच. सुप्रीतानं ती शेपटीला धरून बाहेर काढली आणि पुरली, कारण टाकायची सोय नव्हती.

आणि व्यंका रोज जास्त काळा होऊन यायला लागला. बॉम्बच्या दारूच्या धुरानं नखं पिवळी, कानात दडे.

"कमी व्हायच्या सोडून वाढतायत," तो म्हणाला. "सगळ्या गावात मांस बंद आहे. मग येतात कुठून? उपाशी असतील तर लांब जायला पाहिजेत. या तर तळ्याच्या बाजूनं येतात, रांगेनं, पोस्टमनसारख्या."

गुरू समोर जेवत होता. मान खाली.

"आज साहेबानं बंदूक घेतली," व्यंका म्हणाला. "चार पाडल्या. एक माझ्या पायाशी पडली. मेली नव्हती. माझ्या बुटाला चावत होती. मला म्हणाले, संपव. मी मान मुरगळली."

गुरूनं ताट सरकवलं, उठला आणि उष्ट्या हातानं भावाच्या तोंडात मारली. व्यंका मागं भिंतीवर आदळला. ओठ फुटला. गुरूनं त्याची मान धरून त्याला मुद्द्याच्या परातीत दाबला, गरम होती ती, गाल भाजला असेल. "देवाच्या माणसाची मान मुरगळतो? आजोबांच्या हातातून घास घेऊन गेलीय ती. तू कोण रे? पास लावला गळ्यात म्हणून गोरा झालास?"

व्यंकानं खालून गुडघा घातला. दोघं पडले. भांडी सांडली. एवढी मोठी दोन जनावरं त्या चिंचोळ्या सैपाकघरात लोळत होती, एक हुंदका देत होता, दुसरा शिव्या, आणि कोण काय देतंय ते कळत नव्हतं. मी चुलीतलं जळतं लाकूड काढलं आणि दोघांच्या मध्ये धरलं. सुटले.

"गुरू," मी म्हटलं, "घारी तळ्याच्या बाजूनं का येतात?"

तो उभा राहिला. बाजूला फडकं होतं, ते घेतलं. हातात सत्तूर नव्हता, तरी हात पुसला. या बाजूनं एकदा, त्या बाजूनं एकदा.

"मला काय माहीत अक्का? तळ्यात मेलं असेल काहीतरी."

दुसऱ्या दिवशी सरावाचा शेवटचा फेरा होता. मी बांधापलीकडे वाळवणाची फाटकी चटई गोळा करायला गेले होते, तिथून भिंतीवरून आभाळ दिसतं. घारी खूप होत्या. पातेल्यातल्या उकळीसारख्या एकाच जागी गोल, वर-खाली. बारांचा आवाज येत होता, एकामागून एक. मग एक बार झाला तो वेगळा. हवेत उडालेल्या बाराला मोकळा आवाज असतो. हा आवाज दबलेला होता, ओल्या पोत्यावर काठी मारावी तसा. मी मटण तोडणाऱ्या घरातली बाई आहे. कशावर काय बसलं, ते मला न बघता कळतं. चटई मी तिथंच टाकली.

फाटकाशी मला आत घेतलं नाही. आतून गाडी बाहेर आली, एका साहेबानं मला बघितलं आणि काही न विचारता दार उघडलं. व्यंका मागं आडवा होता. उजव्या हाताला टॉवेल बांधलेला, आणि टॉवेल इतका लहान दिसत होता की मला आधी वाटलं, त्यात हातच नाही. चेहरा काजळी फासल्यासारखा. तो मला बघून म्हणाला, "विमान उतरलं ना?" साहेब म्हणाला, उतरलं. तेव्हा त्यानं डोळे मिटले.

दवाखान्यात त्याचा अंगठा आणि तीन बोटं गेली. करंगळी राहिली. डॉक्टरीण लहान होती, माझी नात शोभेल अशी. ती मला समजावून सांगायला लागली, मी म्हटलं, "बाई, सांधा कुठं असतो ते मला माहीत आहे. तुम्ही फक्त सांगा, वास येणार नाही ना." ती म्हणाली, औषध देतोय, येणार नाही.

नर्सनं त्याचे कपडे पिशवीत घालून माझ्या हातात दिले. शर्ट रक्तानं कडक झाला होता. धुवायला टाकायच्या आधी मी खिसे तपासते, सवय आहे. डाव्या खिशात नारळाचा तुकडा होता, हळदीची पुडी होती आणि मऊ असं काहीतरी होतं. मी ते दोन बोटांनी बाहेर काढलं.

फुप्फुसाचा तुकडा. हळदीत लोळवलेला. एका कडेला चोचीची खूण.

आमच्याशिवाय या जगात कुणी फुप्फुसाला हळद लावून घारीला घालत नाही.

दुपारी त्याला शुद्ध आली तेव्हा मी तो तुकडा त्याच्यापुढं धरला. बाजूच्या खाटेवरचा माणूस झोपला होता. व्यंकानं तुकड्याकडे बघितलं.

"नियम आहे," तो म्हणाला, "बॉम्ब पाइपात ठेवायचा, वात पेटवायची, लांब व्हायचं. पण विमान वळलं होतं आणि खाली घारी बसलेल्या. पाइपापर्यंत जायला वेळ नव्हता. हातातच पेटवला, फेकणार, तेवढ्यात एका घारीच्या पायातून हे पडलं. माझ्यापुढं. पिवळं. आणि साहेब मागून येत होते, जीपमधून, जवळच. त्यांनी बघितलं असतं तर विचारलं असतं, हे काय, हळद कुणी लावली. मी आत सगळ्यांना सांगितलंय अक्का. आमची रीत काय होती ते. हसत हसत सांगितलंय. त्यांना लगेच कळलं असतं कुणाचं घर ते."

"म्हणून?"

"म्हणून वाकलो. उचलून खिशात घातलं." त्यानं डोळे छताकडे लावले. "उजव्या हातात वात जळतीय हे विसरलोच."

त्याच्या कपाळावरची काजळी ओल्या पदरानं पुसत बसले. निघत नव्हती, कातडीत शिरली होती.

"अण्णाला पोलीस धरतील का?" त्यानं विचारलं.

"तू झोप."

संध्याकाळी साहेब आले. चांगला माणूस, टोपी काढून उभा राहिला. मला विचारलं, "अम्मा, आपके उधर कोई गोश्त फेंकता है क्या?" मी म्हटलं, "हमारा चूल्हा तो पंधरा दिन से सांबार पकाता है, साब." ते खोटं नव्हतं. पोराची बोटं ज्या तुकड्यापायी गेली, तो तुकडा मी दुसऱ्याच्या हातात कशी देईन? ज्या घराचा गुन्हा, त्या घरानं निवाडा करावा. ठेकेदाराचा माणूस आला, तो पास मागायला. व्यंकाच्या गळ्यात अजून होता, रक्तानं चिकटलेला. मी कात्रीनं दोरी कापली आणि पास दिला. दोरी कापताना व्यंकानं तोंड भिंतीकडे केलं. बोटं गेली तेव्हा नव्हतं केलं.

घरी येऊन मी तो तुकडा मिठात घातला. दुसऱ्या दिवशी गच्चीवर टोपलीखाली वाळत ठेवला, वर दगड, घारी उचलणार नाहीत असा. गुरू दवाखान्यात येऊन गेला होता. भावाच्या पायाशी बसून रडला, ठेकेदाराला शिव्या दिल्या, केळी ठेवून गेला. सुप्रीता रात्रभर त्याच्याकडे पाठ करून झोपली, हे तिनं मला सांगितलं नाही, मी बघितलं.

सकाळी चुलीपाशी मी तिला विचारलं, "देवाप्पा कुठंय?"

तिनं मुद्द्याचा दांडा थांबवला नाही. "तळ्यामागं. बकरी कुठंच नेली नाहीत त्यानं. रोज एक फुप्फुस देतो. अक्का, मी यांचा पाय धरला होता. मला म्हणाले, तोंड उघडलंस तर त्याच सत्तुरानं जीभ काढीन." मग तिनं पदर सरकवून दंड दाखवला. सत्तुराच्या उलट्या बाजूचा वळ होता, जांभळा, सरळ. मला आजेसासूची पाठ आठवली.

देवाप्पाकडे मी स्वतः गेले. बाभळीखाली बसला होता. मला बघून उभा राहिला आणि हातातली काठी खाली टाकली. "गुरुअण्णा म्हणाले, अक्कानंच सांगितलंय. देवाचं काम आहे म्हणाले." त्याचा दोष एवढाच, त्यानं माझं नाव ऐकून पुढं विचारलं नाही. त्याला मी काही केलं नाही.

मेळा झाला. आभाळात रंगाचे धूर काढले, लोकांनी टाळ्या वाजवल्या, रस्त्यावर गाड्यांची रांग लागली. आमच्या पाटीखाली उभे राहून लोकांनी फोटो काढले. व्यंका घरी आला, हात फळीसारखा गळ्यात अडकवलेला. डाव्या हातानं भात कालवायचा, निम्मा मांडीवर. गिऱ्हाईक बघायला लागलं की ताट सारून द्यायचा, भूक नाही म्हणायचा. बंबातलं पाणी सुद्धा त्याला घेता येत नव्हतं. सुप्रीता बादली ठेवायची आणि तोंड फिरवून जायची. तो बारीक होत चालला होता.

बंदी उठली त्या दिवशी पहाटेपासून गिऱ्हाईक दाराशी. देवाप्पानं बकरं आणलं. गुरूनं ते मागच्या अंगणात पाडलं. हात त्याचा चांगला आहे, मी नाही म्हणणार नाही. गुडघ्यानं मान दाबली, एका ओढीत गळा मोकळा. रक्त परातीत. पाय झाडत असताना त्यानं जनावराच्या डोळ्यावर हात ठेवला, बाप ठेवायचा तसा. सोलून, आतडी काढून, तो मटण घेऊन पुढच्या बाजूला आला, गिऱ्हाइकांच्या समोर, चिंचेच्या ओंडक्यावर तोडायला. बाकं भरली होती. शेवटच्या बाकावर व्यंका बसला होता.

"गुरू," मी हाक मारली.

त्यानं फडकं घेतलं. पात्याच्या या बाजूनं एकदा.

दुसऱ्या बाजूची वाट मी बघितली नाही. वाळलेला तुकडा मी ओंडक्यावर, त्याच्या मटणाच्या शेजारी ठेवला. मिठानं कडक झाला होता, पण हळद तशीच होती.

त्याचा हात थांबला. मग त्यानं दुसरी बाजू पुसली. "काय हे?"

"घार घेऊन गेली होती. तुझ्या भावानं परत आणलं."

गुरूनं मान वर केली, भावाकडे बघितलं. व्यंका ताटाकडे बघत होता.

"मी टाकलं नाही," गुरू म्हणाला. "कुणीही टाकलं असेल."

माझ्या हातात मुद्द्याचा दांडा होता. मी तो त्याच्या मनगटावर घातला. हाड वाजलं. तरी सत्तूर सुटला नाही.

"टाकलं," तो ओरडला. "टाकलं, होय. माझा वाटा होता तो. आजोबांच्या हातातून अप्पांच्या हातात आला, अप्पांच्या हातातून माझ्या. तू तो काढून त्याला दिलास. पास दिसला म्हणून. मी इथं रक्तात उभा राहतो पहाटेपासून, मला काय आहे दुसरं? तेवढं एक होतं. मी त्याचा हात तोडायला टाकलं नव्हतं."

दुसऱ्यांदा मी खांद्यावर मारला, तिसऱ्यांदा तोंडावर. ओठ फुटला, त्यानं भावाचा फोडला होता त्याच बाजूला. त्यानं सत्तूर उचलला. बाकांवरची माणसं उभी राहिली, कुणीतरी "अय्यो, गुरुअण्णा," म्हणालं. सत्तूर खाली आला आणि माझ्या हातापासून वीतभर अंतरावर ओंडक्यात रुतला, इतका खोल, की पातं थरथरत राहिलं. मी हात हलवला नाही. मी हललेच नाही, हे त्यानं बघितलं, आणि मग त्याचा सगळा जोर गेला. तो ओंडक्याला धरून खाली बसला, नाकातून पाणी, ओठातून रक्त, मटणावर.

"अक्का," व्यंका मागून म्हणाला, "राहू दे. झालं ते झालं."

"तू गप्प. तुझ्या खिशात जेवढं मावलं, तेवढं तू लपवलंस."

मी सुप्रीताला बोलावलं. ती पदराला हात पुसत आली. मी तिला म्हटलं, काढ तो. तिनं दोन्ही हातांनी मूठ धरली, ओंडक्याला पाय लावला आणि सत्तूर उपसला. नवऱ्याकडे बघितलं नाही. मटणाची तंगडी ओढून घेतली आणि सांध्यावर पहिला घाव घातला. तिरका बसला. दुसरा सरळ बसला.

मग मी वेळणीत मुद्दा घेतला, त्यावर सांबार घातलं, आणि ती वेळणी गुरूच्या हातात दिली. बाकांवरचे सगळे ऐकत होते. ऐकावं म्हणूनच मी बोलले.

"ऊठ. सत्तूर आजपासून तुझ्या बायकोचा, त्याला बोट लावलंस तर या दारात उभा राहायचं नाही. तुझी दहाच्या दहा शाबूत आहेत, त्यांना दुसरं काम देते. घारींना घास भरवायची हौस होती ना तुला? तो बघ शेवटच्या बाकावर बसलाय. दोन्ही वेळा, इथंच, सगळ्यांपुढं, तुझ्या हातानं त्याला भरवायचं. गरम असलं तर फुंकर घालायची, सांडलं तर पुसायचं. आणि त्याचं पोट भरलं, असं तो स्वतःच्या तोंडानं म्हणेपर्यंत, गुरू, तुझ्या तोंडात घास नाही."